दिनूकाकांचा परवाना

त्या हिवाळ्यात जपानमधल्या आमच्या ओजिमाच्या घरात जेवणाच्या टेबलावर रोज एक तरी माणूस मरायचा. कधी तो पार्किंगमध्ये मरायचा, कधी मागच्या दारानं घरात शिरताना, कधी एटीएमच्या बाहेर. त्याला मारणारे माझे दिनूकाका असायचे, आणि तो मेला ते कायद्याला धरून झालं की नाही हे मी सांगायचं असायचं. आम्ही सरकारी वसाहतीत आठव्या मजल्यावर राहत होतो. आम्हाला मागचं दार नव्हतं, अंगण नव्हतं आणि गाडीही नव्हती. आमच्या वसाहतीत त्या वर्षी झालेला सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे कुणीतरी काचेच्या बाटल्या प्लास्टिकच्या कचऱ्याच्या दिवशी बाहेर ठेवल्या होत्या, आणि तो गुन्हाही पुढे दिनूकाकांचाच निघाला.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. इंजिनिअर म्हणून अमेरिकेत गेले, कंपनी बंद पडली तेव्हा पेट्रोल पंपाला लागून असलेलं एक दुकान चालवायला घेतलं, आणि पुढे केव्हातरी कपड्यांआड पिस्तूल बाळगायला लागले. तिथं ते चालतं, फक्त परवाना लागतो. परवाना काही वर्षांनी संपतो आणि मग पुन्हा एका वर्गाला बसावं लागतं, तिथे स्वसंरक्षणाच्या कायद्याची परीक्षा असते. काकांचा परवाना संपत आला होता. इथून परत गेल्या गेल्या त्यांचा वर्ग होता आणि त्याचं जाडसर पुस्तक ते सोबत घेऊन आले होते. नातेवाईक परदेशातून चॉकलेटं आणतात. आमचे काका प्राणघातक बळाच्या वापरावरची प्रश्नोत्तरं घेऊन आले.

ते का आले, हे मला आईनं सांगितलं. मुळ्याची भाजी चिरताना सांगितलं, म्हणजे इथल्या त्या हातभर लांब, गोडसर मुळ्याची. ज्याला कसलाच ठसका नाही अशा मुळ्यावर आई आधीच चिडलेली असायची, त्यामुळे तिनं काही लपवलं नाही. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकांची एकुलती एक मुलगी अश्विनीताई लग्न होऊन तासाभराच्या अंतरावर राहायची. तिचा मुलगा नील लहान होता, बोलायला लागून फार दिवस झाले नव्हते. तो एकदा काकांकडे राहायला आला, दुपारी झोपेतून उठला आणि सोफ्याच्या उशीखालून पिस्तूल काढून, दोन्ही हातांत धरून, आजोबा हे काय आहे असं विचारत स्वयंपाकघरात आला. काही झालं नाही. काकांच्या मते काही होणारच नव्हतं, कारण त्याला कुलूप होतं. पण अश्विनीताईनं नीलला उचललं आणि जाताना सांगितलं, परवाना संपतोय तो संपू दे, ते घरातून जाऊ दे, मग आमच्याकडे ये. तोवर नको. त्याला वर्ष होत आलं होतं. काकांनी नातवाला त्यानंतर पाहिलं नव्हतं.

म्हणजे परवाना पुन्हा काढायचा की नाही, हा त्या पुस्तकातला सगळ्यात मोठा प्रश्न होता आणि तो सोडून बाकी सगळे प्रश्न काका सोडवत बसले होते. सुट्ट्यांचे दिवस लेकीकडे काढायचे, ते काढता येणार नव्हते, म्हणून धाकट्या भावाकडे आले. हे कळल्यावर मला त्यांची दया यायला हवी होती. मी सतरा वर्षांची होते, माझी खोली त्यांना दिली होती, माझं टेबल त्यांनी घेतलं होतं आणि मी आईबाबांच्या खोलीत तातामीच्या चटईवर गादी घालून झोपत होते. मला दया येत नव्हती, वैताग येत होता.

काकांनी आमच्या घरात पहिल्या आठवड्यात काय काय केलं ते सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही. संध्याकाळी पाच वाजता सगळ्या वस्तीत भोंग्यावरून ती मुलांना घरी बोलावणारी संथ धून वाजते. लहानपणापासून मी ती ऐकत आले, ती वाजली की आई भाताचा कुकर लावते. काका पहिल्या दिवशी ती ऐकून उठले आणि खिडकीपासून आम्हाला लांब व्हायला सांगितलं. न्हाणीघरातलं यंत्र पाणी तापल्याचं बाईच्या आवाजात सांगतं, तर घरात ही कोण बाई म्हणून दोनदा बघून आले. आमच्या दाराची साखळी कुचकामी आहे असं त्यांचं मत पडलं. बाल्कनीत कुणीही गाद्या झोडपायला लागलं की ते वाक्य अर्धं सोडून थांबायचे. रात्री झोपायच्या आधी ते दाराशी बुटांची अशी काही रांग लावायचे की आत येणाऱ्यानं त्यात अडखळावं. सकाळी साडेसहाला बाबाच त्यात अडखळायचे. बाबा सुस्वभावी माणूस, रस्त्यावर एक गाडी नसली तरी हिरवा दिवा लागेपर्यंत उभे राहणारे. ते बूट सरळ करून ऑफिसला जायचे आणि म्हणायचे, "दादा आहे तोवर जरा सांभाळून घ्या." सांभाळून घ्यायला ते स्वतः घरात नसायचेच.

जेवणं मात्र त्या दिवसांत चांगली झाली, हे कबूल करायला हवं. काकांना वर्षानुवर्षं कुणी करून घातलेलं नव्हतं. आई इथल्या कोमात्सुना नावाच्या पाल्याची ताकातली पातळ भाजी करायची, ती थेट चाकवताची लागते. लाल भोपळ्याचे घारगे, रताळ्याचा कीस, निशी-कसाई भागातल्या भारतीय दुकानातल्या पिठाच्या पोळ्या. काका पोळीचा तुकडा मोडायचे, पुस्तक मला द्यायचे आणि म्हणायचे, "हं, विचार."

"प्रश्न सोळावा," मी वाचायचे. "समोरचा माणूस ओरडतोय, पण तुमच्यापासून वीस फूट लांब आहे आणि त्याच्या हातात काही नाही. तुम्ही शस्त्र काढू शकता का?"

"नाही. धोका तत्काळ हवा. शिवाय मार एवढाच मारायचा जेवढा अंगावर येतोय. पुढे."

"तुम्हीच भांडण सुरू केलं असेल तर?"

"मग स्वसंरक्षण सांगता येत नाही. आधी माघार घ्यावी लागते, आणि माघार घेतोय हे त्याला कळायला लागतं. आता तू सांग जुई. समज, तू रात्री पार्किंगमध्ये आहेस—"

"आपल्याकडे गाडी नाही काका."

"समज म्हटलं ना. एक माणूस मागून येतोय."

"तो माझी पडलेली छत्री द्यायला येत असेल."

"आणि नसेल तर?"

"दादा, कढी घेणार अजून?" आई विचारायची. आमच्या टेबलावर तत्काळ धोका फक्त कढी संपण्याचा होता.

गंमत अशी की ते पुस्तक वाचून वाचून मलाच कायदा पाठ झाला. आणि तो कायदा मुळात वाईट नव्हता, हे आता माझे केस पांढरे झाल्यावर शांतपणे म्हणू शकते. पळता येत असेल तर पळा, शब्दानं भागत असेल तर शब्द वापरा, भीती वाटली एवढं पुरत नाही, ती शहाण्या माणसाला वाटली असती का ते बघतात. पानोपानी असलं शहाणपण आणि मुखपृष्ठावर पिस्तूल. मी एकदा विचारलंही, एवढं सगळं टाळायलाच सांगतायत तर मग ते जवळ ठेवायचं कशाला? काका म्हणाले, "वेळ आली तर." वेळ कुठली, हे विचारलं की ते पुढचा प्रश्न विचार म्हणायचे.

बाबांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "दादा, इथं असलं काही जवळ बाळगायचं नसतं." काका म्हणाले, "अरे, विमानातून आणता येतं का ते?" तिथं विषय संपला. बाबांना वाटलं सांगून झालं, काकांना वाटलं विषय पिस्तुलाचा होता. पुढच्या आठवड्यात आई त्यांना आसाकुसाजवळच्या भांड्यांच्या बाजारात घेऊन गेली. आईनं भाजीची सुरी घेतली, धार लावून घेतली. काकांनी एक मिटता येणारा चाकू घेतला, लाकडी मुठीचा, मिटलेला असताना हाताच्या पंजाएवढा. आईला वाटलं, तिकडे कुणाला भेट द्यायला घेतला. माणूस जपानला आला की चाकू घेऊन जातोच.

त्या रविवारी काका आणि मी निशी-कसाईहून पीठ, कोथिंबीर आणि कढीपत्ता घेऊन परत येत होतो. तोयोचो स्टेशनला उतरून बसनं आलो, आणि बसथांब्यापासून घराकडे चालताना फुटपाथवर एका लहान मुलाचं रेल्वे पासचं पाकीट पडलेलं दिसलं. बदकाचं चित्र असलेलं, दप्तराला लावायच्या दोरीसकट. मी उचललं.

"ठेव त्या कठड्यावर," काका म्हणाले. "नसत्या भानगडीत पडू नकोस."

"चौकीत देऊ. ही काय समोर आहे."

"पोलिस चौकीत? एका पासासाठी?"

इथं वाढलेल्या मुलांना यात विचार करण्यासारखं काही वाटत नाही. बालवाडीत असताना मी सापडलेलं दहा येनचं नाणंसुद्धा चौकीत नेऊन दिलं होतं आणि पोलिसकाकांनी ते गंभीर चेहऱ्यानं घेतलं होतं. मी आत गेले, माझ्यामागून काका आले. चौकी म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वस्तीचा नकाशा आणि कोपऱ्यात हीटर. एक तरुण पोलिस एकटाच बसला होता. मी पास दिला, कुठे सापडला ते नकाशावर दाखवलं. त्यानं थँक्यू म्हणून मान लववली आणि लिहून घ्यायला कागद काढला.

तेवढ्यात काकांनी पिठाची पिशवी जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले. तळवे पोलिसाकडे. मग सावकाश, स्पष्ट इंग्रजीत म्हणाले, "ऑफिसर, माझ्याकडे वैध परवाना आहे आणि या क्षणी माझ्याजवळ शस्त्र आहे."

हे त्या पुस्तकातलं होतं. मला पानसुद्धा आठवलं. पोलिसाशी संबंध आला की त्यानं विचारायच्या आधी स्वतःहून सांगायचं, हात दिसतील असे ठेवायचे, घाईनं हालचाल करायची नाही. त्या प्रश्नाला काकांना नेहमी पूर्ण गुण मिळायचे. मला वाटलं, हा माणूस खरंच पिस्तूल घेऊन आलाय.

पोलिसाला काही कळलं नाही. त्याला वाटलं, म्हातारे गृहस्थ पासाचं बक्षीस नको म्हणतायत. तोही हसून हात हलवायला लागला, आणि मला विचारलं, "तुमचे आजोबा काय म्हणतायत?" मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "डाव्या बाजूला, आतल्या खिशात. मी हात लावणार नाही, त्याला काढू दे." आणि एका बोटानं कोटाची कड बाजूला केली. लाकडी मूठ दिसली. पोलिसाचं हसू जिथल्या तिथं राहिलं.

मग काकांनी पाकिटातून अमेरिकेतला परवाना काढून दिला. त्या बिचाऱ्या पोरानं तो दोन्ही हातांनी घेतला, इथे व्हिजिटिंग कार्ड घेतात तसा, आणि उलटसुलट करून बघितला. फोटो काकांचाच होता, एवढंच त्यातून निघत होतं. त्यानं मला हळू आवाजात विचारलं, हा चाकू ते कशासाठी बाळगतात.

मला उत्तर माहीत होतं. म्हणजे कुठलं उत्तर चालेल ते माहीत होतं. मी मराठीत म्हणाले, "काका, फळं कापायला घेतला म्हणा. आई पार्कात सफरचंदं कापते, तिच्यासाठी घेतला. नाही तर तिकडे भेट द्यायला घेतलाय म्हणा. मी सांगते त्याला. तुम्ही नुसतं हो म्हणा."

"मी पोलिसाशी खोटं बोलत नाही."

"खोटं काय त्यात? तुम्ही काल त्यानं पेअर कापलं."

"पेअर कापलं म्हणून पेअर कापायला ठेवला असं होत नाही," काका म्हणाले. माझ्याशी वाद घालताना त्यांचे हात अजून वरच होते. मग पोलिसाकडे वळून त्यांनी अख्ख्या जगाला कळेल असा एकच शब्द उच्चारला. "सेल्फ-डिफेन्स."

तो शब्द त्याला कळला. त्यानं फोन उचलला. आयुष्यात मी पुष्कळ खोटारडी माणसं बघितली, त्यांच्याबरोबर नोकऱ्या केल्या, एकाशी तर लग्न करता करता राहिले. पण त्या दिवशी त्या प्रामाणिक माणसाचा जेवढा राग आला तेवढा त्यांच्यातल्या कुणाचा आला नाही.

आम्हाला गाडीतून पोलिस ठाण्यावर नेलं. पिठाची पिशवीही आली, तिला वेगळी खुर्ची मिळाली. बाबांना मी गाडीतूनच फोन केला होता, ते इचिकावाला सहकाऱ्याकडे गेले होते, निघतो म्हणाले. ठाण्यावर एक वयस्कर अधिकारी होते, डोळ्यांखाली काळं, आवाज मऊ. त्यांनी चाकू पट्टीनं मोजला. मग फोनच्या स्पीकरवर इंग्रजी दुभाषी बाई घेतल्या, मला म्हणाले तू बसून राहा, काकांना बरं वाटेल. त्या बाईंच्या मार्फत त्यांनी कायदा सांगितला. एवढ्या पात्याचा चाकू जवळ ठेवायला काहीतरी कारण लागतं, स्वयंपाक्याचं असेल, कॅम्पिंगचं असेल, विकत घेऊन घरी नेत असाल तर तेही चालेल. कुणी हल्ला करील म्हणून, हे कारण धरत नाहीत. उत्तर समाधानकारक नसलं तर आज रात्री तुम्हाला इथं ठेवावं लागेल, आणि ती रात्र एकच असेल असं सांगता येत नाही.

मी हादरले. काकांनी तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण एवढे दिवस टेबलावर झालेली तयारी वाया कशी जाणार? ते खुर्चीत पुढे सरकले. "हे उलट आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "सफरचंदासाठी चाकू चालतो आणि जिवासाठी चालत नाही? आमच्या पुस्तकात पहिलं प्रकरण हेच आहे. स्वतःचा जीव वाचवणं हा हक्क आहे. तुमच्या कायद्यात नाही का?"

दुभाषी बाईंनी सांगितलं. अधिकारी म्हणाले, आहे. कुणी अंगावर आलं तर आहे. घरातून निघतानाच कुणी अंगावर येणार असं धरून निघता येत नाही.

"म्हणजे कुणी अंगावर येईपर्यंत थांबायचं आणि मग चाकू विकत घ्यायला जायचं?"

"काका," मी म्हणाले, "बास करा." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. आणखी एक मुद्दा मांडला, त्यावर आणखी एक. मला वाटत होतं की टेबलावर डोकं आपटावं. हा मनुष्य कोठडीत जाणार, त्याची लेक ते ऐकणार, पुन्हा कधीच त्याला दारात उभं करणार नाही, आणि हा इथं बसून परीक्षा देतोय.

अधिकारी सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, इथं आल्यापासून तुम्हाला कुणी त्रास दिला का?

"नाही."

कुणी धमकी दिली? पाठलाग केला?

"नाही. चांगली माणसं आहेत इथली."

मग तुम्हाला भीती कुणाची वाटते?

दुभाषी बाईंनी ते वाक्य इंग्रजीत सांगितलं. त्या पुस्तकात असा प्रश्न नव्हता. काका बोलायला लागले ते मराठीत बोलायला लागले. फोनवरच्या बाई म्हणाल्या, माफ करा, ही भाषा मला येत नाही. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. तेव्हापासून मी सांगत गेले, वाक्यामागे वाक्य.

अश्विनीताई कॉलेजच्या सुट्टीत दुकानावर मदतीला यायची. एका दुपारी एक पोरगा आत आला, तिच्यापेक्षाही लहान असेल. त्याच्या हातात पिस्तूल होतं. त्यानं गल्ला मागितला, काकांनी दिला. तरी तो जाईना. त्यानं काकांना खाली बसायला सांगितलं.

"मी बसलो," काका म्हणाले. "गुडघ्यांवर. हात जोडले. 'प्लीज सर' म्हणालो. त्या शेंबड्या पोराला सर म्हणालो. पुन्हापुन्हा म्हणालो. माझं नाक गळत होतं, ते पुसायचीसुद्धा शुद्ध नव्हती. अश्विनी काउंटरमागून बघत होती. तो गेला, पोलिस आले, सगळं झालं. त्या दिवसापासून ती माझ्याकडे नीट बघत नाही. बोलते, फोन करते, पण बघत नाही. तेव्हा ठरवलं, पुन्हा माझ्या लेकीसमोर मी असा बसणार नाही."

शेवटचं वाक्य मी जपानीत कसं सांगितलं ते मला आठवत नाही. सांगितलं एवढं खरं, कारण अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, "त्या दिवसाची भीती खरी आहे. पण त्यासाठी इथं चाकू ठेवता येत नाही." त्यांनी ते फार हळू सांगितलं, तरी सांगितलंच.

बाबा आले ते दारातूनच वाकत आले. ऑफिसचं जाकीट घालून आले होते, रविवारी. त्यांनी भावाची हमी घेतली, पुन्हा असं होणार नाही म्हणून शब्द दिला, आणि जितक्या वेळा पेन उचललं तितक्या वेळा वाकले. काकांनी चाकूवरचा हक्क सोडून दिला. पहिलीच वेळ, स्वतःहून सांगितलेलं, पाहुणा माणूस, म्हणून कडक समज देऊन सोडतो, असं अधिकारी म्हणाले. धाकटा भाऊ आपल्यासाठी वाकतोय हे काका बघत होते. मला वाटलं, आता तरी हे गप्प होतील. बस येईपर्यंत गप्प होते. बसमध्ये म्हणाले, "त्यांनी मला वकील हवा का ते आधी विचारायला हवं होतं. ढिलं काम आहे." बाबांनी खिडकीबाहेर बघितलं.

घरी आईनं मुगाची खिचडी टाकली होती. आम्ही बसलो आणि माझा फोन वाजला. अश्विनीताई होती. बाबांनी घाबरून तिला वाटेतच मेसेज केला होता. काकांनी मानेनंच नाही म्हटलं, म्हणून मी बोलले.

"काय केलं आता त्यानं?" ती म्हणाली. तिकडे पहाट होती. तिचा आवाज मी ओळखला, काका आल्यापासून आमच्या घरात सगळ्यांचा तोच वैतागलेला आवाज झाला होता.

मी सांगितलं. पासापासून सगळं सांगितलं, आणि काका समोर बसलेले असताना ते दुकानातलंही सांगितलं. मी चिडलेली होते, मला आता कुणाला सांभाळून घ्यायचं नव्हतं. "तू त्यांच्याकडे बघत नाहीस म्हणतात," मी म्हणाले. "ते बसले म्हणून."

मग ती म्हणाली, "काउंटरचं दार माझ्या बाजूला होतं. त्या पोराचं लक्ष माझ्यावर होतं, पैशावर नव्हतंच. बाबा काउंटरमधून बाहेर आला, माझ्या आणि त्याच्या मधे आला, आणि मग बसला. आणि बोलत राहिला. सर, सर करत राहिला, त्यानं माझ्याकडे बघू नये म्हणून. मी बाबाकडे बघितलं ना की मला रडू येतं गं. म्हणून बघत नाही."

"हे तू त्यांना सांगितलंयस?"

"आमच्याकडे त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत."

मला त्या दोघांना एकमेकांवर आपटावंसं वाटलं. एवढी वर्षं. एक जण कायद्याची पुस्तकं पाठ करतोय, दुसरी दार लावून बसलीय, आणि दोघांमध्ये मुळात न बोललेली चार वाक्यं. मी फोन स्पीकरवर टाकला आणि काकांच्या ताटाशेजारी ठेवला. म्हटलं, "आता तूच सांग. मी आज पुष्कळ भाषांतर केलंय."

तिनं पुन्हा सांगितलं. काका खिचडीवर तुपाची धार जिथं पडली होती तिकडे बघत ऐकत होते. तिचं झाल्यावर म्हणाले, "मी मधे वगैरे आलो नव्हतो. पाय लटपटले, तिथं जाऊन बसलो एवढंच."

"बाबा, गप्प बस," ती म्हणाली. आई तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावून ओट्याकडे वळली. फोनमधून नील उठल्याचा आवाज आला, कोण आहे म्हणून इंग्रजीत विचारत होता. अश्विनीताई काकांना म्हणाली, "परत आलास की ये. पण तसाच ये. काही न घेता."

आम्ही कुणी खात नव्हतो. "तसाच येतो," ते म्हणाले.

ते तसेच गेले. वर्गाला बसले नाहीत, परवाना संपू दिला, पिस्तूल देऊन टाकलं. वर्गाच्या मास्तरशी पैसे परत मागण्यावरून भांडण काढलं ते वेगळं. आम्हाला त्यांनी पुढेही भरपूर पिडलं, फोनवरून आमच्या दाराच्या साखळीची चौकशी करणं त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. पण काका नीलला भेटायला गेले तेव्हा दाराशी काय झालं ते मला पुष्कळ वर्षांनी अश्विनीताईनं सांगितलं. तिनं दार उघडलं, काकांना मिठी मारली, आणि मिठीत असतानाच त्यांच्या पाठीवरून, कमरेवरून, कोटाच्या खिशांवरून हात फिरवून बघितला. नील मागेच उभा होता. लाज वाटली, पण बघितलं, असं ती म्हणाली. बाबाला कळलं नसावं.

काकांना मी हे कधी विचारणार नव्हते. त्यांनीच एकदा आपण होऊन विषय काढला. "तिनं माझी झडती घेतली त्या दिवशी," म्हणाले. "कळलं मला. मी जरा जास्त वेळ उभा राहिलो, तिला नीट बघता यावं म्हणून."